केस दिले

मधल्या भावानं, रामहरीनं जेवायला बोलावलंय म्हणजे ते नुसतं जेवण नसणार, हे नानांना ठाऊक होतं. विराजलाही ठाऊक होतं. तरी बारामतीतून निघाल्यापासून त्या विषयावर दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नव्हतं.

"एसी कमी करू का, नाना?"

"राहू दे."

लासुर्णे मागं पडेपर्यंत बापलेकांचं बोलणं झालं ते एवढंच.

नानांनी मनाशी दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. 'रामहरीतात्या काही बोलला तर मनावर घेऊ नकोस,' हे एक. पण वाक्य तयार झालं की त्यांना ते कुठल्या तरी पुस्तकातलं वाटायला लागे, मग ते तसंच गिळून टाकत. कॉलेजच्या ग्रंथालयात जन्म काढल्याचा हा परिणाम असावा. तिथं बोलू नका अशी पाटी त्यांच्याच टेबलावर होती. आता बारामतीला लागून असलेल्या जळोचीच्या घरात पाटी नव्हती, पण बोलायलाही कोणी नव्हतं. बायको मंदाकिनी नातीला, श्रियाला, सांभाळायला विराज-इराकडे अमेरिकेत जाऊन राहिली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. सकाळी फोनच्या पडद्यावर ती दिसली तेव्हा तिनं एवढंच बजावलं, "तिथं मधे मधे बोलू नका. तुम्हाला जमत नाही." नाना हो म्हणाले. खरंच जमत नव्हतं.

निमगाव केतकी ओलांडल्यावर गाडी डाळिंबाच्या बागांमधल्या कच्च्या रस्त्याला लागली. विराज व्हिसाच्या शिक्क्यासाठी मुंबईला आला होता, मधले चार दिवस घरी. परवा त्याचं विमान होतं.

"नाना," गाडी थांबवता थांबवता तो म्हणाला, "ते मला अविराजबद्दल विचारणार ना?"

"विचारतील."

"तुम्ही काय सांगाल?"

नानांनी दार उघडण्याचा खटका शोधायला बराच वेळ लावला.

*

ओसरीवर पानं वाढली होती. जेवणात गोड काही नव्हतं. धाकटा भाऊ सोपान माघात गेला, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. सोपानची बायको द्वारकाबाई आत भाकरी थापत होती, आणि तिची मुलगी मोना, बारामतीत बँकेत असते ती, वाढत होती. मोनाचा भाऊ अविराज मात्र सात समुद्रापलीकडे एका कुंपणाच्या आत होता.

"जेवा, विराजराव, पोटभर जेवा," रामहरी म्हणाला. पुतण्याला राव लावलं की नाना घास चावायचे थांबत. "तितं भाकरी मिळती का?"

"मिळते, तात्या. आई करते."

"मग बरंय. आमच्या अविराजला काय मिळतं ठावं हाय का? पावाचं दोन तुकडं आन् मधी कायतरी गार. ते एका कंपनीचं. राखणीला उभा असतो तो दुसऱ्या कंपनीचा. आईला फोन करायचा म्हनला तर फोन तिसऱ्या कंपनीचा. आन् त्येला धरून दिलं ती कंपनी तुजी."

"माझी नाही हो तात्या. मी तिथं नोकरी करतो."

"तेच की. जेवा."

झालं होतं ते असं. अविराज अमेरिकेत शिकायला गेला होता. शिकला, नोकरीला लागला, ती कंपनी बुडाली आणि राहण्याचा परवाना संपला. त्यानं अर्ज केला. केस चालू असेपर्यंत बाहेर राहा, पण दर आठवड्याला फोनवरच्या ॲपमधे आपला चेहरा दाखव, अशी अट घालून तिकडच्या सरकारनं त्याला मोकळा ठेवला. ॲप चालवायचा ठेका विराजच्या कंपनीकडे होता. अविराजनं दोन वर्षं एकही आठवडा चुकवला नाही. मग सोपान गेला. इकडे आला असता तर परत जाता आलं नसतं. दहाव्याला रामहरी भीमेच्या काठावर फोन उंच धरून उभा होता, आणि पडद्यातल्या पुतण्याला त्यानं ओरडून सांगितलं होतं, "तितंच दे केस! मिशी बी काढ रं, बापाची हाय!" अविराजनं दिले. त्या आठवड्यात ॲपनं त्याला ओळखलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. दुसरंच कोणी फोटो पाठवतंय, हा पळून गेला, असा निरोप सरकारकडे गेला आणि पहाटे माणसं दाराशी आली. ती सरकारी होती. गाडी मात्र ठेक्याची होती.

"केसापायी केस बिघडली," रामहरी म्हणाला. गावात कोणीतरी हा विनोद केला होता, तेव्हापासून रामहरी स्वतःच तो सांगायचा. कोणी हसायचं नाही, तोही हसायचा नाही.

"सरकार नुसता हुकूम काढतं, तात्या. बाकी सगळं बाहेर दिलेलं असतं. ॲप एकाकडे, कोठडी एकाकडे, बस एकाकडे. कोणालाच पूर्ण माणूस माहीत नसतो," विराज म्हणाला.

"मला नको शिकवू. उसाच्या तोडीला काय हुतं? कारखाना मुकादमाला सांगतो, मुकादम टोळी आणतो. टोळीतल्या बाईचा हात कापला तर कारखाना म्हनतो मुकादमाला इचारा. मुकादम म्हनतो मी तर गावालाच हुतो."

"तसंच आहे," विराज म्हणाला. तो मान्य करतोय हे बघून रामहरी जास्तच चिडला.

मोना वाढायची थांबली. "पण दादा, यंत्राला नाही ओळखता आलं, मान्य. त्यानंतर कोणी माणूस बघतच नाही?"

"बघतो ना. यंत्रानं नाही म्हटलं की जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावून माणसाकडे जातो. एकच माणूस आहे का, एवढंच विचारतात. हो किंवा नाही."

"तो असंल गोरा," रामहरी म्हणाला. "त्येला काय कळनार आपलं."

विराज पाणी प्यायला. नानांना वाटलं, आता यानं गप्प बसावं. पण पोरगा लहानपणापासून असाच. कोणी चुकीचं बोललं की त्याला दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे.

"गोरा नसतो, तात्या. ते काम आमच्या कंपनीनं पुढं दुसऱ्या कंपनीला दिलंय. पुण्यातल्या."

"पुण्यात कुठं?" मोनानं विचारलं.

"हिंजवडीच्या पलीकडे. मुलं-मुली बसतात, पाळीपाळीनं."

"आपली मुलं?"

"आपलीच असणार."

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. द्वारकाबाई पीठभरल्या हातांनी उंबऱ्यात येऊन उभी होती. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"म्हंजी त्या लेकरानं बघितलं. डोस्क्यावर केस न्हाईत, मिशी न्हाय. त्येला कळलं आसंल की, ह्याचं कुनीतरी गेलंय."

"कळलं असेल, काकी."

"मग?"

"कळलेलं लिहायला तिथं जागा नसते. दोनच बटणं. आणि थोडी जरी शंका आली तरी नाही दाबायचं, असा नियम आहे."

द्वारकाबाईनं मान हलवली, जणू हा नियम तिला आधीपासून माहीत होता. ती परत चुलीकडे गेली.

रामहरीनं ताट सरकवलं. "संध्याकाळी अविराजच्या वकीलबाईचा फोन हाय. तुज्या नानास्नी इचारनार हाय ती, आपल्यात बाप गेल्यावर काय करत्यात. तवा तूबी बस. आत्ता सांगितलंस ते तिलाबी सांग. बास, दुसरं काय न्हाय."

"मला नाही सांगता येणार."

"का? जीभ हितंच ठिऊन जानार हायस व्हय?"

"तात्या, मी सही केलीय. आतलं बाहेर सांगणार नाही म्हणून. माझा व्हिसा त्यांच्याच नावावर आहे. त्यांनी काढलं तर दोन महिन्यांत सामान बांधून निघायचं. इरा, श्रिया, आई, सगळ्यांनी."

"म्हंजी परत यायचं. हिकडं. आपल्या घरी. लय वंगाळ झालं की रं!"

रामहरी मोठ्या भावाकडे वळला. "दादा, तुजं पोरगं हाय. तू सांग."

नाना म्हणाले, "बघू."

हा शब्द तोंडातून निघताच त्यांना स्वतःची लाज वाटली. जमिनीच्या वाटणीत ते हेच म्हणाले होते. मंदाकिनी जाते म्हणाली तेव्हाही.

*

उन्हं कलल्यावर बापलेक बागेत गेले. डाळिंबं अजून लहान होती, प्रत्येकाच्या टोकाला वाळलेलं फूल अडकलेलं. विराज एकेक फूल काढून टाकत चालला होता.

"मी ते ॲप बनवत नाही, नाना. तुम्हाला वाटत असेल. मी फक्त उजेड दुरुस्त करतो. फोटो अंधारात काढला असेल तर चेहरा नीट दिसावा म्हणून."

"म्हणजे त्याचा फोटो तुझ्या हाताखालून गेला."

"लाखो जातात. मी बघत नाही. कोणीच बघत नाही."

"ती पुण्यातली मुलं बघतात."

विराज थांबला. "ते मी बोलायला नको होतं. नाना, ते वकिलाला सांगू नका. आमच्या ऑफिसात हे फार थोड्यांना माहीत आहे. अविराज खलाटेच्या केसमधे ही गोष्ट आली, आणि माझंही आडनाव खलाटे. कोणी सांगितलं हे शोधायला त्यांना अर्धा दिवससुद्धा लागणार नाही."

"सांगितल्यानं त्याचा उपयोग होईल?"

विराजनं हातातलं फूल टाकलं. खोटं बोलायला त्याला जमत नसे, हे त्याचं आणि नानांचं सारखं होतं.

"होऊ शकतो. तो पळाला नव्हता, फोटो त्याचाच होता, आणि बघणाऱ्याला मुंडणाचा अर्थ कळण्यासारखा होता. वकील चांगली असेल तर त्या माणसाची साक्ष मागेल. पण होऊ शकतो एवढंच, नाना. होईल असं नाही. आणि माझं मात्र नक्की होणार." तो गवतावर उकिडवा बसला. कॉलेजात नापास झाला होता तेव्हा असाच बसला होता. "तुम्ही मला जन्मात कधी काही मागितलं नाहीत. मी मागतोय. चालीरीतीचं हवं तेवढं सांगा. पुण्याचं नको."

नानांनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. पण इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता, तर आता तो कुठं आणि किती वेळ ठेवायचा हे त्यांना कळेना. त्यांनी त्याच हातानं एक वाळकं फूल खुडलं.

परतताना विहिरीजवळ द्वारकाबाई उभी होती. तिनं विराजच्या हातात एक डबा दिला.

"कारळ्याची चटनी हाय. इराला आवडती नव्हं."

"काकी, मी..."

"आईक. तू काय लिवू नको, काय बोलू नको. तात्याचं मनावर घिऊ नको, त्येला झोप न्हाय. मिशी काढ म्हनून त्यानंच सांगितलं, ते त्येच्या डोक्यात बसलंय. येक पोरगा आत गेलाय तेवढा रग्गड झाला. तू आपला सुखानं ऱ्हा."

"आई!" मागून मोना ओरडली. "काय बोलतेस तू?"

"मी बोलतीया ते बराबर हाय. तू गप."

विराजचे डोळे भरून आले. तो डबा घेऊन गाडीकडे गेला, आणि मोना तणतणत घरात. रामहरी विराजवर चिडलेला, मोना आईवर, आणि द्वारकाबाई कोणावरच नाही, असं ते घर दुभंगून उभं होतं.

नाना आणि ती दोघंच उरली.

"भावजी," द्वारकाबाईनं पदर सारखा केला, "येक इचारू? तुमी लई वाचलंय म्हनून इचारते. बापासाठी केस दिलं, ती चूक झाली व्हय त्येची?"

"नाही."

"मग कुनाची झाली?"

नानांनी वाचलेल्या एवढ्या पुस्तकांत याचं उत्तर कुठं असेल असं त्यांना वाटेना. उगाच विचारलं असं समजून ती कळशी उचलून चालू लागली. तिनं काही मागितलंच नाही. रामहरीसारखी ती भांडली असती, पाया पडली असती, तर नानांना नेहमीचा शब्द वापरून सुटता आलं असतं.

*

दिवेलागणीला तिकडे अमेरिकेत सकाळ होते. मोनानं लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि नानांना समोर बाजेवर बसवलं. वकीलबाई तरुण होती, तिच्या मागच्या खिडकीत उन्हं होती. इंग्रजी हळू बोलत होती, नानांसाठी. नानाही हळू बोलत होते, स्वतःसाठी. त्यांचं इंग्रजी सगळं छापील, तोंडातून निघताना ते प्रत्येक शब्दाकडे शंकेनं बघत.

त्यांनी दहाव्याचं सांगितलं. नदी सांगितली, पिंड सांगितले. मुलगा केस देतो, म्हणाले.

"कापतो, असं म्हणायचंय का?" वकीलबाईनं विचारलं.

"नाही. देतो. आम्ही देणं असंच म्हणतो."

"कोणाला देतो?"

नाना अडखळले. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"वडिलांना," ते शेवटी म्हणाले. "दुसरं काही देता येत नाही तेव्हा."

वकीलबाईनं ते लिहून घेतलं. लिहिताना ती वर बघत नव्हती. चांगलं आहे, म्हणाली, पण सरकारी वकील म्हणेल की हे कंपनीला कसं कळावं? परक्या देशातली रीत. बघणाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही. "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

विराज लॅपटॉपच्या मागं भिंतीला टेकून उभा होता. त्याला पडद्यावरची बाई दिसत नव्हती आणि बाईला तो. नाना मात्र दोघांनाही बघू शकत होते. विराजनं मान हलवली. अगदी थोडी, उजवीकडून डावीकडे.

नानांच्या डोळ्यांपुढं श्रिया आली, तिच्या शाळेची पिवळी बस आली. मंदाकिनी सामान बांधताना आली. ती काय म्हणेल तेही त्यांना शब्दाशब्दानं ऐकू आलं. विराज परत आला तर गाडी करून येईल, आपल्या पायांनी, बॅगा चारचार घेऊन, आणि बापाशी बोलणार नाही. अविराजला परत पाठवलं तर हातात बेड्या घालून पाठवतील. दोन्ही पोरं घरीच येतील म्हणा. पण येण्या-येण्यात फरक होता. एवढा एकच फरक त्यांना नीट दिसत होता, बाकी काही दिसत नव्हतं. आपलं चुकतंय अशी त्यांना जवळजवळ खात्री होती. पण अशी खात्री त्यांना प्रत्येक वेळी वाटायची, गप्प बसतानाही.

"आहे," ते म्हणाले. "बघणाऱ्याला माहीत होतं."

विराजनं डोळे मिटले.

नानांनी सांगितलं. पुणं, हिंजवडीच्या पलीकडे, दोन फोटो, दोन बटणं. सांगायला फार वेळ लागला नाही. रामहरीचं इंग्रजी बेताचं, पण पुणे हा शब्द ऐकून तो ताठ बसला आणि लगेच, का कोणास ठाऊक, खाली बघायला लागला. द्वारकाबाई दारात होती. तिला काही समजलं नव्हतं. पोरगा गेला होता त्या देशातल्या बाईशी थोरले भावजी बोलतायत, एवढं तिला पुरेसं होतं.

वकीलबाई खुर्चीत पुढं सरकली होती. तिचा आवाज बदलला. "मिस्टर खलाटे, हे फार महत्त्वाचं आहे. पण हे तुम्हाला कसं कळलं? ऐकीव चालणार नाही. कोणी सांगितलं ते मला लिहावं लागेल."

विराज भिंतीपासून सुटा झाला. तो ओसरीवर गेला, चपला शोधू लागला. एक सापडली, दुसरी सापडेना. खोलीतल्या कोणीही उठून दिवा लावून दिला नाही.

"माझ्या मुलानं," नाना म्हणाले.

"त्यांचं पूर्ण नाव?"

"विराज."

"कृपया अक्षरं सांगा."

त्यांनी सांगितली. बाहेर गाडीचं दार लागलं. गाडी मात्र सुरू झाली नाही.

"मधलं नाव?"

नानांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, चुकू नये म्हणून, एकेक अक्षर सुटं करून स्वतःचं नाव सांगितलं.